प्रबंधाचा शोधनिबंध करताना

पीएच.डी.चा एक प्रबंध किती जण वाचतात, असे कोणी विचारले तर उत्तर बोटांवर मोजून देता येते. संशोधक स्वतः, त्याचे मार्गदर्शक, दोन-तीन परीक्षक आणि पूर्वीच्या काळी टंकलेखक. मग तो जाडजूड ग्रंथ पाठीवर सोनेरी अक्षरे मिरवीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात विसावतो. आता त्याची एक प्रत गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राने चालविलेल्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावरही जाते; म्हणजे कोणालाही ती घरबसल्या उघडून पाहता येते. परंतु पाहता येणे आणि वाचले जाणे यांत अंतर आहे. चारशे पानांच्या प्रबंधात नेमके नवे काय आहे, हे हुडकत बसायला दुसऱ्या अभ्यासकाला सवड नसते. त्याला पंधरा-वीस पानांचा, एकच मुद्दा नीट सिद्ध करणारा शोधनिबंध हवा असतो.

म्हणूनच पदवी मिळाल्यावर, आणि पुष्कळदा ती मिळण्याआधीच, संशोधकापुढे प्रश्न उभा राहतो : प्रबंधातला मजकूर संशोधन-नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध करावा का? केला तर ते आपलेच आपण चोरणे ठरते का? संशोधक विद्यार्थी हा प्रश्न मला वारंवार विचारतात आणि प्राध्यापक-कक्षात त्याची तीन निरनिराळी उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, प्रबंध आपला आहे, हवा तसा छापा. दुसरा म्हणतो, एकदा शोधगंगेवर गेला की संपले, आता त्यातली ओळसुद्धा छापता यायची नाही. तिसरा म्हणतो, सहा प्रकरणे आहेत ना, मग सहा लेख करा, बढतीला उपयोगी पडतील. या तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. पण कोणतेही एक जसेच्या तसे मानले तर संशोधक गोत्यात येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची जमेल तेवढी उकल करावयाची आहे.

प्रबंध छापण्यासाठीच असतो

प्रथम हे लक्षात घ्यावे की, प्रबंध प्रसिद्ध करणे ही काही चोरवाट नव्हे. तो राजमार्गच आहे. जर्मनीत डॉक्टरेटचा प्रबंध प्रसिद्ध करणे हे आजही संशोधकावर बंधनकारक आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातही एके काळी प्रबंधाच्या छापील प्रती दाखल कराव्या लागत. या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपणा सर्वांना जवळचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने १९२५ साली ग्रंथरूपाने काढला आणि छापील प्रती सादर झाल्यावर १९२७ साली कोलंबियाने त्यांना पीएच.डी. बहाल केली. लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला, रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध याच प्रकाशकाने त्याआधी १९२३ साली छापला होता.

त्याहूनही अगोदरची एक गोष्ट आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबियातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. विद्यार्थिदशेत वाचलेला हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चर्चासत्रात तो ऐकणारे मोजकेच असणार. आज शंभर वर्षांनंतरही तो जगभर वाचला जातो, याचे श्रेय आशयाला आहेच, पण तो नियतकालिकात छापला गेला या गोष्टीलाही आहे.

दुसरे उदाहरण डॉ. गेल ऑम्व्हेट यांचे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झालेल्या या विदुषींनी १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पीएच.डी. मिळविली. विषय होता पश्चिम भारतातील १८७३ ते १९३० या काळातील ब्राह्मणेतर चळवळ. १९७६ साली हा प्रबंध मुंबईहून ग्रंथरूपाने निघाला. परंतु मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. मुंबईच्याच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सप्टेंबर १९७१ मध्ये जोतीराव फुल्यांच्या विचारसरणीवर, १९७३ मध्ये मुंबईतील ब्राह्मणेतर व कम्युनिस्ट यांच्या संबंधांवर, त्याच वर्षी सत्यशोधक समाज व शेतकऱ्यांच्या आंदोलनावर, आणि १९७४ मध्ये पुण्यातील ब्राह्मणेतर व राष्ट्रवादी यांच्यावर त्यांचे लेख आले. ग्रंथ हाती येण्यापूर्वीच विषयाची चर्चा अभ्यासकांत सुरू झाली. या उदाहरणाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

'पूर्वप्रसिद्ध' म्हणजे काय?

बहुतेक संशोधन-नियतकालिकांची एक अट असते : लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नसावा. ही अट संपादकाच्या लहरीतून आलेली नाही. तज्ज्ञ परीक्षक विनामूल्य वेळ देऊन लेख तपासतात. छपाईची पाने मोजकी असतात. आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी नवी म्हणून आली तर वाचणाऱ्याची फसगत होते. एकच निष्कर्ष दोनदा छापला तर पुढच्या अभ्यासकाला वाटते की, दोघांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला आहे. एका पुराव्याचे असे दोन पुरावे होतात. खरा आक्षेप आहे तो यालाच.

मग प्रबंध 'पूर्वप्रसिद्ध' धरावा काय? पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाला सर्वसाधारणपणे असे प्रकाशन मानत नाहीत. मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एल्सेव्हिअरच्या नियमांत तर हे स्पष्टच आहे. लेख पूर्वी प्रसिद्ध झालेला नसावा या अटीतून विद्यापीठीय प्रबंध वगळलेला आहे. प्रबंध हा परीक्षेसाठीचा दस्तऐवज असतो, ही त्यामागची दृष्टी. तो संकेतस्थळावर खुला असला तरी तेवढ्याने बहुतेकांची हरकत नसते. मात्र 'बहुतेक' म्हणजे 'सर्व' नव्हेत. एखादे नियतकालिक याबाबत कडक असू शकते, आणि प्रबंध पुस्तकरूपाने बाजारात आला असेल तर प्रश्न निराळाच होतो.

म्हणून माझा साधा सल्ला असतो की, लेख पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाची लेखकांसाठीची सूचनावली वाचावी आणि शंका असल्यास संपादकांना चार ओळींचे पत्र घालावे. लेख कोणत्या प्रबंधातून निघाला आहे, प्रबंध कोठे उपलब्ध आहे आणि लेखात नवे काय आहे, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. संपादकाला आरंभीच सांगितलेली गोष्ट 'माहिती' ठरते. तीच गोष्ट त्याने स्वतः शोधून काढली तर ती 'लपवाछपवी' ठरते. मजकूर तोच, पण त्याचा अर्थ बदलतो.

यंत्र आणि नियम

आता या विषयातील भीतीच्या भागाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम काढले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांच्या वर अशा चढत्या पायऱ्या असून, शेवटच्या पायरीवर प्रबंध सादर करणाऱ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांसारखे भाग या मोजणीतून वगळावयाचे असतात.

हे साम्य यंत्र मोजते, आणि यंत्राला 'माझे' व 'दुसऱ्याचे' हा भेद कळत नाही. शोधगंगेवरील स्वतःच्याच प्रबंधाशी लेख जुळला की ते टक्केवारी दाखविते आणि संशोधकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी घाबरून शब्दांची उलटापालट करू नये. 'कारण'च्या जागी 'हेतू' आणि 'दिसते'च्या जागी 'आढळते' घातले म्हणजे लेख नवा होत नाही. फक्त वाईट मराठी तयार होते. उगम कोणता ते सांगणे, हाच खरा उपाय. आयोगाने २० एप्रिल २०२० रोजी स्वतःच्याच लेखनाच्या पुनर्वापराविषयी एक स्वतंत्र सूचना काढली. स्वतःचे पूर्वप्रसिद्ध लेखन, अंशतः वा संपूर्ण, योग्य संदर्भ न देता पुन्हा छापणे मान्य नाही, असा तिचा आशय आहे. यातील 'योग्य संदर्भ न देता' हे शब्द महत्त्वाचे. सर्व दोष त्यांत सामावला आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, लेखाच्या पहिल्या पानावर तळटीप द्यावी. नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना अशी टीप सांगतो : 'प्रस्तुत निबंध माझ्या अमुक विद्यापीठास अमुक साली सादर केलेल्या अमुक शीर्षकाच्या पीएच.डी. प्रबंधातील पाचव्या प्रकरणावर आधारित असून त्याची फेरमांडणी केली आहे. तक्ता प्रबंधातून जसाच्या तसा घेतला आहे. तिसऱ्या भागातील चर्चा नवी आहे.' या तीन वाक्यांनी वाचकाला सर्व काही कळते आणि लेखकाला रात्री झोप लागते.

हक्काचा प्रश्न वेगळा आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखनाचा पहिला हक्क सामान्यतः लेखकाचा असतो. तथापि आपल्या विद्यापीठाचा याबाबत काही नियम आहे काय, ते पाहून घ्यावे. नियतकालिक लेख स्वीकारताना पुष्कळदा हक्क सोपविण्याच्या कागदावर सही मागते. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये. असे हस्तांतर लेखी असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, असे हा कायदा सांगतो. पुढे प्रबंधाचे पुस्तक करावयाचे असेल तर 'हा लेख माझ्या पुस्तकात घेण्याची मुभा राहील' एवढे एक वाक्य त्या कागदात आधीच घालून घ्यावे. नाहीतर आपल्याच प्रकरणासाठी दुसऱ्याच्या दारी परवानगी मागत जावे लागते.

आणखी एक गोष्ट कलाशाखेच्या संशोधकांनी विसरू नये. प्रबंधासाठी आपण गावोगावी जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या टिपून घेतो, कामगारांच्या मुलाखती घेतो, कोणाच्या घरातील जुनी पत्रे पाहतो. 'परीक्षेसाठी हवे आहे' असे म्हटल्यावर माणसे मनमोकळेपणाने बोलतात. तेच बोलणे नावानिशी छापून येणार असेल तर त्यांना पुन्हा विचारले पाहिजे. ही कायद्यापेक्षाही सभ्यतेची बाब आहे.

परीक्षकासाठी आणि वाचकासाठी

एवढे सगळे नियम पाळले आणि तरीही संपादकाने लेख परत केला, असे पुष्कळदा घडते. कारण बहुधा एकच असते. लेखकाने प्रबंधाचे प्रकरण कापून पाठविलेले असते, त्याचा लेख केलेला नसतो.

प्रबंध परीक्षकासाठी लिहिला जातो. 'मी हा विषय सर्व बाजूंनी वाचला आहे' हे त्यात सिद्ध करावयाचे असते. त्यामुळे संकल्पनांच्या व्याख्या येतात, पूर्वसूरींचा आढावा येतो, 'अमुक यांच्या मते', 'तमुक यांच्या मते' अशी रांग लागते. लेखाच्या वाचकाला हे सगळे आधीच ठाऊक असते. त्याला आपली विद्वत्ता तपासायची नसते. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. प्रबंधाला विषय असतो, लेखाला प्रश्न असावा लागतो, असे मी थोडक्यात म्हणेन.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीने १९७२च्या दुष्काळाचे मराठी ग्रामीण कथेतील चित्रण या विषयावर प्रबंध लिहिला. पहिले प्रकरण विषयप्रवेशाचे, दुसरे महाराष्ट्रातील दुष्काळांच्या इतिहासाचे, तिसरे ग्रामीण कथेच्या परंपरेचे, चौथे निवडक चाळीस कथांच्या आशयाचे, पाचवे भाषा व निवेदनाचे आणि सहावे निष्कर्षांचे. यांतले दुसरे प्रकरण तसेच्या तसे इतिहासाच्या नियतकालिकाकडे पाठविले तर ते परत येईल, कारण त्यात इतिहासकाराला ठाऊक नसलेले काही नाही. तिसरे वाङ्मयीन नियतकालिकाकडे पाठविले तरी तीच गत.

मी तिला विचारीन, 'अगं, व्हायव्हाच्या दिवशी परीक्षक कोणत्या पानावर थांबले होते?' ती सांगेल, पाचव्या प्रकरणातल्या एका मुद्द्यावर : खडी फोडणारी, मिलो नि सुकडीवर दिवस काढणारी मजूर बाई कथेत स्वतः बोलते, की तिच्याविषयी दुसराच कोणी बोलतो? बस्स, हाच लेख. चाळीस कथांपैकी ज्यांत ही बाई येते तेवढ्याच घ्यायच्या. त्यांत निवेदक कोण आहे, बाईच्या तोंडी किती संवाद आहेत, ती बोलीत बोलते की प्रमाणभाषेत, याचा एक तक्ता. दुष्काळी कामांची पार्श्वभूमी दुसऱ्या प्रकरणातून दोन परिच्छेदांत. चौथ्या प्रकरणातून दोन कथांचे बारकाईने विवेचन. 'ग्रामीण म्हणजे काय' ही सतरा पानांची चर्चा साफ गाळायची. प्रबंध सादर झाल्यानंतर या विषयावर जे नवे आले असेल त्याची दखल घ्यायची, आणि परीक्षकांनी घेतलेल्या हरकतीला उत्तर द्यायचे. शेवटी पाहिले तर प्रबंधातली वाक्ये थोडीच उरतात. सामग्री तीच, पण इमारत नवी. असा लेख लिहिणाऱ्याला यंत्राच्या टक्केवारीची धास्ती बाळगण्याचे कारण उरत नाही.

सामग्री तीच ठेवून नवी मांडणी केल्याने केवढा फरक पडतो, याचा दाखला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कामात मिळतो. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कूर्ग लोकांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. १९४५ साली ते ऑक्सफर्डला गेले. तेथे रॅडक्लिफ-ब्राउन आणि नंतर इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या हाताखाली त्यांनी कूर्गविषयीच्या आपल्या सामग्रीकडे नव्या प्रश्नांच्या अंगाने पाहिले. धर्म आणि समाजरचना यांचा संबंध काय, हा तो प्रश्न. त्यातून १९५२ साली आलेला ग्रंथ भारतीय समाजशास्त्रात मैलाचा दगड ठरला आणि संस्कृतीकरण ही संकल्पना त्यातूनच अभ्यासकांपुढे आली. लोक तेच, टिपणे तीच. बदलला तो प्रश्न.

सहा प्रकरणे, सहा लेख?

आता तिसऱ्या सल्ल्याकडे येऊ. एका प्रबंधातून एकाहून अधिक लेख निघू शकतात, यात शंका नाही. ऑम्व्हेटांचे चार लेख मी वर सांगितले. पण त्यांची शीर्षके नुसती वाचली तरी दिसते की, प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. एकात विचारसरणी आहे, दुसऱ्यात शेतकरी, तिसऱ्यात मुंबईची कामगारवस्ती आणि चौथ्यात पुण्याचे राजकारण. एक वाचला म्हणून दुसरा वाचायचे कारण संपत नाही.

याच्या उलट प्रकार आपल्या आसपास दिसतो. एकच निष्कर्ष, तोच तक्ता. एका लेखात तीन तालुके, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात पाचही. कांद्याच्या चकत्या कराव्यात तसे संशोधन कापावयाचे. लेखांची संख्या वाढते, ज्ञान तेवढेच राहते. कसोटी सोपी आहे : दोन लेखांचा सारांश प्रत्येकी दोन वाक्यांत लिहून पाहावा. वाक्ये सारखीच आली तर लेख एकच आहे, असे समजावे. आणि एकच लेख एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठविणे, हे तर कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही.

मार्गदर्शकांचे नाव

हा नाजूक विषय आहे, पण विद्यार्थी माझ्याजवळ दबक्या आवाजात तोच काढतात. लेखावर मार्गदर्शकांचे नाव सहलेखक म्हणून घालावे का? विज्ञानशाखेत प्रयोगशाळा, साधने, प्रकल्प हे सारे मार्गदर्शकांचे असते आणि लेखन बहुधा संयुक्त असते. कलाशाखेत विद्यार्थी एकटाच दप्तरखाने धुंडाळतो, एकटाच लिहितो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावे याचे निकष घालून दिले आहेत. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि लेखाची जबाबदारी घेण्याची तयारी, ही चारही असली तरच तो लेखक. हे निकष वैद्यकाचे असले तरी विचार सर्वत्र लागू पडावा असा आहे. केवळ मार्गदर्शन केले म्हणून नाव येऊ नये; त्यासाठी ऋणनिर्देश आहे. उलट, मार्गदर्शकांनी खरोखरच लेखाची फेरमांडणी केली असेल तर त्यांचे नाव गाळणेही अन्यायाचे. माझ्या सहकाऱ्यांना मी नम्रपणे सुचवू इच्छितो की, ही गोष्ट आपणच आधी बोलून मोकळे व्हावे. विद्यार्थ्याला ती काढता येत नाही.

इंग्रजी प्रबंध, मराठी लेख

महाराष्ट्रात इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांतले पुष्कळ प्रबंध इंग्रजीत होतात, आणि ज्या लोकांविषयी ते असतात ते मराठी वाचतात. मग इंग्रजीत छापलेला लेख मराठीत पुन्हा देणे चूक की बरोबर? माझ्या मते हे पुनःप्रकाशन योग्यच नव्हे, तर आवश्यक आहे. मात्र उघडपणे केलेले असावे. वर उल्लेखिलेल्या संपादक-समितीनेही दुसऱ्या भाषेतील प्रकाशनाला वाव ठेवला आहे. दोन्ही संपादकांची संमती आणि मूळ लेख कोठे प्रसिद्ध झाला त्याचा स्पष्ट निर्देश, या त्यातल्या मुख्य अटी. गुणांच्या हिशेबात मात्र हे दोन लेख मोजू नयेत. एक लेख, दोन वाचकवर्ग, एवढाच त्याचा अर्थ.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत', महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'पत्रिका', भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' ही नावे मराठी संशोधनाच्या इतिहासात मानाने घेतली जातात. गावच्या पाटबंधाऱ्याविषयीचा किंवा बोलीविषयीचा अभ्यास त्या गावच्या शिक्षकाला वाचता आला नाही, तर तो अभ्यास अर्धाच पोचला म्हणावयाचा.

पैसे घेऊन छापणारे

शेवटी एक इशारा. आयोगाच्या २००९च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. २०१६च्या विनियमांत तो निबंध आणि शिवाय परिषदांतून दोन निबंधवाचने आली. हेतू चांगला होता. पण हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी लेख छापून हवा झाला आणि मागणी तसा पुरवठा या न्यायाने पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके उगवली. २०१७ साली आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे वगळावी लागली. मग 'केअर' यादी आली. तीही बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. दरम्यान नोव्हेंबर २०२२च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती काढून टाकली, जरी एखाद्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम निराळा असू शकतो.

याचा इत्यर्थ असा की, आता यादीचा आधार उरलेला नाही. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. पारख अवघड नाही. गेल्या दोन वर्षांचे अंक उघडून त्यातले तीन लेख वाचावेत. संपादक-मंडळातील माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का, ते पाहावे. अर्थशास्त्र, योगासने आणि यंत्र-अभियांत्रिकी एकाच अंकात नांदत असतील तर दुरूनच नमस्कार करावा. लेख पाठविल्यावर तिसऱ्या दिवशी 'स्वीकृत' असे पत्र आणि त्यासोबत रक्कम भरण्याचा तपशील आला, तर तो लेख कोणीही वाचलेला नाही हे ओळखावे. आणि असल्या ठिकाणी एकदा छापून गेलेला चांगला लेख पुन्हा चांगल्या ठिकाणी छापता येत नाही, कारण तो आता खरोखरच 'पूर्वप्रसिद्ध' झालेला असतो. पाच वर्षांचे काम एका पावतीपायी वाया जाते. या विषयातले सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते, आणि ते बहुधा लहान गावांतील, घरात शिकलेली पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थ्यांचे होते. त्यांना विचारायला जवळ कोणी नसते.

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, घाई करू नका आणि भिऊही नका. प्रबंध तुमचा आहे. त्यातले जे खरोखर नवे आहे ते लोकांपुढे मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे, किंबहुना ते तुमचे कर्तव्य आहे. एक प्रश्न निवडा, त्याभोवती लेख नव्याने लिहा, तो कोठून आला ते पहिल्याच पानावर सांगा, आणि ज्याला वाचता येते अशा संपादकाकडे पाठवा. लेख परत आला तर परीक्षकांचे शेरे नीट वाचा. त्या शेऱ्यांत पुष्कळदा पुढच्या लेखाचे बी असते. आणि आपल्या विभागातील ज्येष्ठांना तो आधी दाखवायला संकोच करू नका. आम्ही प्राध्यापक मंडळी कामात बुडालेली दिसत असलो, तरी एखादा चांगला लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी वाचायला मिळणे ही आमच्याही आनंदाची गोष्ट असते.